बोअरमधून लाल माती निघाली म्हणजे पाणी लागलं का? मैंदर्गीच्या जमिनीखालचे थर काय सांगतात

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : उन्हाळा लागला की मैंदर्गी, दुधनी, नागणसूर या पट्ट्यात बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. रात्रभर कॉम्प्रेसरचा आवाज चालू असतो, करडी भुकटी उडत असते आणि शेतमालक बांधावर बसून फूट मोजत असतो. कुठेतरी दोन-अडीचशे फुटांवर भुकटीचा रंग एकाएकी बदलतो. गाडीवरचा पोरगा ओरडतो, "केंपु मण्णु बंतु!" लाल माती आली. मालकाचा चेहरा खुलतो. माती आली म्हणजे खडक संपला, खडक संपला म्हणजे पाणी आता जवळच, असा हिशोब असतो. मग अजून शंभर फूट, अजून शंभर फूट असं करत गाडी सातशेवर जाते आणि बिल हातात पडतं तेव्हा डोळे उघडतात.

लाल मातीचा आणि पाण्याचा संबंध आहे. फक्त लोक समजतात तसा तो नाही. आणि "पाषाण फोडून खाली गेलं की पाताळातली नदी लागते" ही जी समजूत गावोगाव आहे, तिचा तर खऱ्या थरांशी काहीच मेळ बसत नाही. जमिनीखाली काय आहे हे आपल्या भागाच्या आसपास खोल बोअर घेऊन पाहिलेलं आहे. ते काय निघालं, हे बोअरची गाडी बोलावण्याआधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात वरच्या काळ्या मातीपासून करू, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यातच आहे. आपली रब्बीची ज्वारी कशावर येते? परतीच्या पावसानं जमिनीत जी ओल धरली, तिच्यावर. पेरल्यानंतर एकही पाऊस नाही झाला तरी मालदांडी कणसाला येते, इतकं पाणी काळी माती पोटात धरून ठेवते. आता त्याच रानात दिवाळीनंतर चार फूट खड्डा खणून बघा. माती ओली, हाताला चिकटणारी, मुठीत दाबली तर गोळा होणारी. पण खड्ड्यात वाटीभर पाणी साचत नाही. म्हणजे मातीत पाणी आहे, पण ती ते सोडत नाही. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की त्यांच्या मधल्या फटी मोजल्या तर वाळूपेक्षाही जास्त भरतील, पण एकेक फट इतकी अरुंद की पाणी तिथे अडकून बसतं. ज्वारीचं मूळ ते ओढून घेऊ शकतं, मोटर नाही ओढू शकत. वाळूत फटी मोठ्या, म्हणून नदीच्या वाळूत झरा खणला की तासाभरात भरतो.

पाणी असणं वेगळं आणि पाणी देणं वेगळं. पुढचं सगळं यावरच आहे.

भाकरीच्या चवडीसारखा पाषाण

काळ्या मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला तप्त रस, लाव्हा. तो एकदाच आला नाही. आला, पसरला, थंड झाला, मग पुन्हा आला. असे थरावर थर बसले, भाकरीची चवड लावावी तसे. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे तुकडे धरून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या दगडानं झाकलेली आहे. मुरूम हा वेगळा दगड नाही, याच कातळाची ऊनपावसानं झालेली झीज आहे. नदीनं आणून टाकलेला गाळ नाही तो.

चवडीतली एकेक भाकरी वेगळी बघितली तर तिचे तीन भाग दिसतात. मधला भाग घट्ट, निळसर काळा. सुरुंगाशिवाय फुटत नाही आणि पाणीही धरत नाही. वरचा भाग भोकाभोकांचा, कारण लाव्हा थंड होताना आतली वाफ वर आली आणि बुडबुडे तसेच राहिले. त्या भोकांत पुढे पांढरी-हिरवट खनिजं भरली. विहिरीच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांचा जो मऊ खडक दिसतो तो हाच. आणि दोन भाकऱ्यांच्या मध्ये, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी, लाल मातीचा एक पातळ थर. एक लाव्हा थांबल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ गेला. तेवढ्यात खालच्या दगडाची माती झाली, कुठे राख पडून कुजली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली, विटेसारखी लाल झाली. हीच आपली केंपु मण्णु.

मधल्या काळात कुठे कुठे तळी पण साचली. त्या तळ्यांच्या तळाशी चिखल बसला, त्याचा दगड झाला. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा पापुद्र्यांचा दगड निघाला होता आणि त्यात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन छापलं. दोन लाव्हांच्या मध्ये एवढी निवांत वेळ होती की तळं व्हावं, त्यात बेडूक व्हावेत आणि मरून चिखलात जावेत.

तर लाल माती लागली म्हणजे खडक संपला नाही. एक भाकरी संपली, खाली दुसरी आहे.

किल्लारीच्या बोअरमध्ये काय निघालं

मग ही चवड संपते कुठे, आणि तिच्या खाली काय?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सोलापूर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतला कोणी विसरणार नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. इतक्या घट्ट पाषाणाच्या भागात भूकंप झालाच कसा, हे शोधायला पुढे किल्लारीत संशोधनासाठी खोल बोअर घेतला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यातून निघालेल्या दगडांचा अभ्यास केला. बोअर गेला ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या थोडा वर. त्यात पहिले ३३८ मीटर, म्हणजे ११०० फुटांपेक्षा जास्त, नुसता काळा पाषाण. त्याच्या खाली फक्त ८ मीटरचा गाळाचा थर. पाषाण यायच्या आधीची जी जमीन होती, तिच्यावरचा हा गाळ. त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा, कोट्यवधी वर्षं जुना पट्ट्यापट्ट्यांचा दगड, आणि बोअर संपेपर्यंत तोच.

किल्लारी मैंदर्गीपासून सरळ रेषेत ७० ते ७५ किलोमीटर. अकराशे फूट पाषाण, सव्वीस फूट गाळ आणि मग ग्रॅनाइट. पाताळातली नदी कुठेच नाही.

दुसरा दाखला कोयनेचा. तिथे भूकंपाच्याच अभ्यासासाठी कोयनानगरजवळ रासाटीत बोअर घेतला, तर काळा पाषाण सुमारे ९३० मीटर लागला आणि मध्ये गाळ वगैरे काही न येता एकदम जुना ग्रॅनाइट. म्हणजे सह्याद्रीकडे चवड जाड आणि पूर्वेकडे येताना ती पातळ होत जाते. कोयनेला ९३०, किल्लारीला ३३८. आणि आपल्या दक्षिण-पूर्वेला, सरळ रेषेत ७५-८० किलोमीटरवर ती शून्य होते. ती जागा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शहाबाद.

पायाखालची फरशी

मैंदर्गीत जुन्या घरात जा, देवळात जा, शाळेच्या व्हरांड्यात बसा. खाली शहाबादी फरशी. न्हाणीघरात तीच, ओट्याला तीच, गोठ्यातसुद्धा तीच. आता टाइल्स आल्या, तरी कपडे धुवायला शहाबादीच लागते. ही फरशी करवतीनं कापून सपाट केलेली नसते. कडा कापतात, पण तिचा सपाटपणा जन्मजात असतो. पहारीनं उचकटली की खाणीतून पानंच्या पानं सुटतात. काळ्या पाषाणाची अशी फरशी कोणी काढून दाखवावी.

कारण शहाबादी हा लाव्हाचा दगड नाही, पाण्याच्या तळाशी थरांनी बसलेला दगड आहे. चुनखडीचा. तपासायचं असेल तर फरशीच्या तुकड्यावर लिंबू पिळून थोडा वेळ ठेवा, डाग पडून चमक जाते. संडास धुवायचं ॲसिड पडलं तर फसफसून फेस येतो (हा प्रयोग घरातल्या फरशीवर करू नये, बायकोच्या शिव्या खाव्या लागतील). काळ्या दगडावर यातलं काही होत नाही.

दुधनीहून कलबुर्गीकडे रेल्वेनं जाताना बाहेर काळं रान, काळा दगड दिसतो. गाणगापूर रोड गेलं, कलबुर्गी गेलं, तरी तेच. पुढे शहाबाद-वाडीकडे सरकलं की दगडाचा रंग उतरतो, करडा, निळसर, पिवळट होतो, आणि रुळांच्या आजूबाजूला फरशीच्या खाणी दिसायला लागतात. त्या ठिकाणी आपल्या पाषाणाची चवड संपलेली असते आणि तिच्या खालचं पुस्तक उघडं पडलेलं असतं. भीमा नदीच्या नावावरून शास्त्रज्ञ या थरांना भीमा थर म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं १८७६ साली छापलेल्या वृत्तांतात त्यांचं वर्णन केलेलं आहे. आपल्या तालुक्याच्या शिवेवरून वाहणारी भीमा पुढे जाऊन याच दगडातून जाते.

हे थर काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुने आहेत. नक्की वयावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे, पण अर्धा अब्ज वर्षांपेक्षा जुने यावर दुमत नाही. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. समुद्रात मासा नव्हता, शंख-शिंपले नव्हते. यातल्या चिखलाच्या थरांत शास्त्रज्ञांना बारीक काळे गोल ठिपके मिळाले आहेत, त्या काळच्या शेवाळासारख्या जीवांचे.

थरांचा क्रम वाचण्यासारखा आहे. सगळ्यात खाली, जुन्या ग्रॅनाइटवर, गोटे आणि जाड वाळूचा दगड. म्हणजे तिथे किनारा होता, लाटांचा जोर होता. त्याच्यावर बारीक चिखलाचा दगड, म्हणजे पाणी खोल आणि शांत झालं. त्याच्यावर शहाबादी चुनखडी, म्हणजे गाळ यायचा थांबला आणि निवळ पाण्यात चुना बसला. पुढे पुन्हा चिखल, पुन्हा चुनखडी, पुन्हा चिखल. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. ज्वारीच्या पेवात पहिलं पोतं तळाला जातं तसंच. सगळे मिळून जाडी तीनशे मीटरच्या आसपास भरते.

यातला चिखलाचा जो दगड, त्याला भूशास्त्रात शेल म्हणतात. आपण रोज बघतो, नाव माहीत नसतं इतकंच. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात वाळला की पापुद्रे सुटतात ना, तसा हा पापुद्र्यांचा दगड. चिखलाचे कण वाळूसारखे गोल नसतात, पत्त्यांसारखे चपटे असतात. शांत पाण्यात ते आडवे बसतात. वर नवा गाळ पडत राहतो, वजनानं खालचं पाणी पिळून निघतं आणि पत्ते एकमेकांवर दाबले जातात. म्हणून शेल पानापानांनी फुटतो. चाकूनं ओरखडा निघतो, ओला केला तर पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो. हाच शेल जमिनीत आणखी खोल जाऊन दाबानं आणि उष्णतेनं कडक झाला की पाटीचा दगड होतो. ज्या पाटीवर आपल्या आधीच्या पिढ्या बाराखडी शिकल्या, ती कधीकाळी चिखल होती.

वाडी, सेडम, मळखेडला सिमेंटचे कारखाने का उभे राहिले, याचंही कारण हेच थर. सिमेंटला चुना लागतो तसाच चिकणमातीचा किंवा शेलचा अंशही लागतो.

शेल पाणी का देत नाही

आता सुरुवातीच्या खड्ड्याकडे परत. शेल म्हणजे दगड झालेली काळी माती. त्यात ओल असते, पण सोडत नाही. उलट तो पाणी अडवतो. शहाबादकडे चुनखडीत भेगा असतात, चुना विरघळून पोकळ्या होतात आणि विहिरीला पाणी त्या पोकळ्यांतून येतं. खाली शेलचा थर आला की पाणी तिथे थांबतं, पत्र्यावर पाणी थांबावं तसं. तिथला जाणता विहीरवाला शेल फोडून खाली जायची घाई करत नाही, शेलच्या वरची चुनखडी आडवी मोकळी करतो.

मैंदर्गीत शेल नाही, पण शेलचं काम आपल्याकडे लाल माती करते. तीही चिकण, तीही पाणी धरते आणि सोडत नाही. मात्र तिच्या अंगाला लागून जे दोन थर असतात ते कामाचे. तिच्या वर पहिल्या भाकरीचा भेगाळलेला तळ, आणि तिच्या खाली दुसऱ्या भाकरीचा भोकाभोकांचा माथा. पाणी लागलं तर बहुतेक या सांध्यात लागतं. पण दरवेळी नाही. भेगा एकमेकींना जोडलेल्या असतील आणि वरून पावसाचं पाणी त्यांच्यापर्यंत पोचत असेल तरच. म्हणून शेजारच्याला अडीचशेवर तीन इंची पाणी आणि बांधाच्या अलीकडे कोरडं, असं होतं. त्यात नारळ फिरवणाऱ्याचा किंवा नशिबाचा दोष नाही.

तेव्हा लाल भुकटी आली की बघायचं ते हे : ती यायच्या आधीच्या दहा-वीस फुटांत भुकटी ओली झाली होती का? आणि ती संपल्यानंतरच्या दहा-वीस फुटांत पाण्याचा जोर वाढला का? दोन्हीचं उत्तर नाही असेल आणि खाली पुन्हा कोरडी निळी-काळी भुकटी सुरू झाली, तर तो घट्ट गाभा आहे. पुढचा सांधा कधी येईल ते सांगता येत नाही, आणि जसजसं खोल जावं तसतशा वरच्या वजनानं भेगा मिटत जातात. काळ्या पाषाणाच्या भागात भरवशाचं पाणी साधारण पहिल्या दोन-तीनशे फुटांतच असतं. सातशेवर कुणाला लागत नाही असं नाही, लागतं. पण ते बहुधा फार वर्षांचं साठलेलं असतं. मुरमातलं पाणी एका चांगल्या पावसात भरतं तसं ते भरत नाही. दोन हंगाम ऊस निघतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात मोटर हवा ओढते. गाडीचा फुटाचा दर मात्र खोलीबरोबर चढत जातो, तो कमी होत नाही.

लाल थराचा आणखी एक त्रास. ओला झाला की तो फुगतो आणि ढासळतो. केसिंग पाइप फक्त वरच्या मुरमापुरता घातला जातो, आणि मधला लाल थर पडून बोअर बुजतो किंवा मोटर अडकते. मोटर अडकली की बोअरच गेला. लाल थर जाड निघाला तर तिथे पाइप घालायचा की नाही हे गाडी रानात असतानाच ठरवावं लागतं, नंतर नाही.

कायद्याचंही एक आहे. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात, ज्याचा अंमल २०१४ पासून सुरू झाला, ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला खोल विहीर धरलं आहे आणि अशा विहिरींवर बंधनं आहेत. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. गावात ते कोण पाळतं हा वेगळा विषय, पण हा आकडा पाषाणाचे थर बघूनच आलेला दिसतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय सोलापुरात आहे. ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी ते ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजतात. आपल्या गावाजवळची निरीक्षण विहीर कुठली आणि मागच्या मे महिन्यात तिचं पाणी किती खाली होतं, हे तिथे विचारता येतं. बोअरच्या आधी भूवैज्ञानिकाकडून जागा पाहून घेण्यासाठी अर्जही तिथेच करायचा.

आणि ज्यांच्याकडे यंदा गाडी येणारच आहे, त्यांनी एक करावं. दर दहा फुटांना मूठभर भुकटी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून वर फुटाचा आकडा लिहावा. रंग कुठे बदलला, ओल कुठे आली, जोर कुठे वाढला हे वहीत टिपावं, मोबाइलवर फोटो काढावेत. पुढे विहीर खोल करायची असेल, केसिंग बदलायचा असेल, किंवा भावाच्या रानात बोअर घ्यायचा असेल तेव्हा त्या पिशव्यांचा उपयोग होतो. पाणी लागलं नाही त्या बोअरच्या पिशव्या तर आधी जपून ठेवाव्यात.